चिंधी आणि चार दशा

म्हातारीनं पिशवीतून आधी लुगडं काढलंच नाही. चिठ्ठी काढली. चार महिन्यांपूर्वी आमच्याच दुकानातून गेलेला, घडी पडून मऊ झालेला टॅग. तो माझ्यासमोर गादीवर ठेवून म्हणाली, "वाच. काय लिवलंय बघ."

मी वाचलं. इरकल साडी. फ्री साईज. किंमत, सर्व करांसहित. खाली बारकोड. मागच्या बाजूला बारीक बारीक पाच चित्रं, त्यातल्या त्रिकोणावर फुली.

"नातू म्हणला, तिकोनी घडी घालू नगा म्हणून फुली मारलीय. म्या न्हाई घातली तिकोनी घडी. तरीबी असं झालं."

मग लुगडं बाहेर आलं. इरकलीच्या लाल पदरात पांढऱ्या रेशमाचे पट्टे असतात, तो टोपपदर. ते पट्टे आता गुलाबी झाले होते, तेही एकसारखे नाहीत, ढग उतरल्यासारखे. पहिल्याच धुण्यात, बादलीत रात्रभर भिजत घातल्यावर.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काही न बोलता तिला दुसरी साडी दिली. आमच्या दुकानाच्या पावतीवर 'रंगाची गॅरंटी नाही' हे वाक्य आजोबांच्या काळापासून छापलेलं आहे, पण ते तिला दाखवायची आबांनाही लाज वाटली असावी. ती गेली आणि तो टॅग माझ्यापाशी राहिला. साडीला 'फ्री साईज' लिहिणाऱ्या माणसाला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

त्रिकोणाचा अर्थ ब्लीच. फुली म्हणजे ब्लीच करू नका. हे मलाही त्या दिवशी शोधावं लागलं, आणि मी कापड दुकानात जन्मले आहे. ही चिन्हं ठरवणारी जिनेटेक्स नावाची संस्था १९६३ साली पॅरिसात स्थापन झाली; आज जगात बहुतेक ठिकाणी कपड्यांवर तीच चित्रं असतात. टब म्हणजे धुणं, चौकोन म्हणजे वाळवणं, वर्तुळ लाँड्रीवाल्यासाठी. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर कोमट इस्त्री, दोन असतील तर मध्यम, तीन असतील तर कडक गरम. चौकोनाच्या कोपऱ्यात तिरकी रेघ असली तर कपडा सावलीत वाळवा. इतकं सुबक, इतकं विचारपूर्वक केलेलं काम, आणि कापड पेठेत ते वाचणारं कोणी नाही. शिवाय आमच्याकडच्या धुण्याची सगळीच चित्रं त्यात नाहीत. रात्रभर भिजत घालू नका, दगडावर आपटू नका, पहिल्या खेपेला मिठाच्या पाण्यातून काढा, याला पॅरिसमध्ये कुणी चित्र कशाला काढेल?

त्या पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत मी गल्ल्याशेजारी एक वही ठेवली. लग्नसराई होती, गर्दी भरपूर. गिऱ्हाईक हातात टॅग धरून जे जे विचारील ते लिहायचं, एवढंच ठरवलं होतं. रंग जातो का. आटते का. मशीनला टाकली तर चालते का. ब्लाउजपीस आत आहे की वेगळा घ्यायचा. आत असेल तर काठासकट आहे का. नेसल्यावर फुगते का. सासूबाईंना नेसवेल का, की जड होईल. याच्यावर परकर कुठला जाईल. ही हातमागाचीच कशावरून. आणि रेडिमेड ब्लाउजवाल्या बायकांचा एकच प्रश्न, पण फार मोलाचा: आत मार्जिन किती आहे?

महिनाभरात वही भरली, आणि त्यातल्या जवळजवळ एकाही प्रश्नाचं उत्तर टॅगवर नव्हतं. किमतीचं होतं. पण किमतीबद्दलचा प्रश्न 'किती' असा नसतोच, तो 'एवढी कशी' असा असतो.

टॅग गिऱ्हाइकासाठी असतो ही समजूत मुळातच चुकीची आहे, हे मला आबांच्या जुन्या चिठ्ठ्या बघताना कळलं. माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात त्या सापडल्या. जाड तपकिरी कागद, एका टोकाला भोक, त्यातून ओवलेला दोरा आणि वर शाईनं तीन-चार अक्षरं. बाकी काही नाही. ती अक्षरं म्हणजे खरेदीची किंमत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द किंवा वाक्य ठरवायचं, पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, असं शेवटचं शून्य. ही रीत व्यापाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. घासाघीस करताना कुठपर्यंत उतरायचं हे गादीवरच्या माणसाला चिठ्ठीकडे नुसतं बघून कळायचं, आणि चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच हातात असायची! आमच्या घरचा शब्द आबांनी मला माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी सांगितला. तो मी इथे लिहिणार नाही. आता कोणी वापरत नाही, तरीही नाही.

म्हणजे टॅग ही आधी दुकानदाराने स्वतःलाच लिहिलेली चिठ्ठी होती. मग त्यात सरकार आलं. वैध मापन शास्त्राचे आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आले, त्याच्या आधी १९७७ चे होते. कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन किंवा माप, कधी बनवलं, कोणी बनवलं, तक्रार कुठे करायची, हे सगळं त्यातून मिळालं, आणि ते लहान काम नव्हे. छापील किमतीपेक्षा जास्त मागणाऱ्याला 'इथं बघा' म्हणून बोट दाखवता येतं ते त्यामुळेच. बारकोड मात्र पुन्हा दुकानदारासाठीच. १९७४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ओहायोत एका किराणा दुकानात च्युइंगमच्या पुडक्यावरचा आजच्या धर्तीचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. तेव्हापासून टॅगचा निम्मा भाग मशीनशी बोलतो आहे. एका चिठ्ठीवर दुकानदार, सरकार आणि मशीन असे तिघे आधीच बसलेले. चौथीला जागा कुठून मिळणार?

आमच्या शेजारच्या किराणा दुकानदारानं मला या बाबतीत एक गोष्ट दाखवली होती, ती डोक्यातून जात नव्हती. तेलाच्या पिशवीवर 'एक लिटर' लिहिलेलं असतं. पण तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशाला सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, तेच ६० अंशाला ८९३ च्या आसपास. काही कंपन्या बारीक अक्षरांत ६० अंशाचं तापमान छापून एक लिटर मोजायच्या. लिहिलेलं अक्षरशः खरं, आणि पंचवीस-सव्वीस ग्रॅम तेल गायब. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं सांगितलं की तापमान न लिहिता माप लिहा आणि त्याच्याशी जुळणारं वजनही लिहा. पुढे पाकिटांवर दर ग्रॅमला किंवा दर मिलिलिटरला किती पैसे पडतात तेही छापायची सक्ती आली. दहा रुपयांचं शांपूचं पुडकं स्वस्त की मोठी बाटली, हे आता भागाकार न करता कळतं. ज्याला कळून घ्यायचं आहे त्याला.

शेजारी म्हणाला होता, "वहिनी, लिहिण्यात काय, काहीही लिहिता येतं."

तिथून माझं डोकं फिरलं. आमच्या टॅगवर 'रंग पक्का' असं लिहिणं मला सहज शक्य होतं. पण माझं अक्षर आणि त्या तेलाच्या पिशवीवरचं अक्षर यांच्यात गिऱ्हाइकानं फरक का करावा? मला लिहायचंच नव्हतं. दाखवायचं होतं.

आईच्या पांढऱ्या शर्टच्या आठवणीनं मला धीर आला. म्हणजे शर्ट आबांचा, आठवण आईची. नवा शर्ट आला की ती आधी त्याच्या आतल्या शिवणीशी लावलेलं जादा बटण शोधायची. "शहाण्यानं शिवलाय," म्हणायची. त्या बटणावर काही छापलेलं नसतं. ते असतं, एवढंच. दहा वर्षांनी बटण तुटतं तेव्हा बारकोड कोणाला आठवतो?

तर माझा पहिला टॅग. त्यावर मी चौदा ओळी लिहिल्या. अगदी मनापासून, गोल अक्षरात. सूत कुठलं, विणकाम कुठलं, धुवायचं कसं, ठेवायचं कसं. कोणीही वाचला नाही. भाच्यानं क्यूआर कोड सुचवला, तोही छापून बघितला. आठ दिवसांत एका कॉलेजच्या मुलीनं मोबाईल लावला आणि "रेंज नाहीये" म्हणून ठेवून दिला. हे दोन्ही प्रयोग मी पुठ्ठ्यासकट रद्दीत घातले.

दुसऱ्या टॅगला मी चार खाचा पाडल्या. भरतकामाचा दोरा ज्या कार्डाला गुंडाळतात तशा. साडीच्या शेवटाला विणून झालेल्या ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सुटे राहतात, त्या दशा. त्यातल्या चार-पाच दशा काढायच्या आणि खाचांतून गुंडाळायच्या. अंगाचा रंग एका खाचेत, पदराचा दुसऱ्या खाचेत. इरकलीत हे विशेष सोपं जातं, कारण तिथे अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा हे दोन वेगळेच असतात, विणकर ते फासे घालून एकमेकांत अडकवतो. अंग बहुतेक सुती आणि पदर रेशमी किंवा आर्ट सिल्कचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा. दोघांना पाणी वेगवेगळं लागतं, आणि म्हातारीच्या लुगड्याचं दुखणंही तेच होतं.

याचा उपयोग काय? तर मॅचिंग. परकर, फॉल, अस्तर, ब्लाउजच्या बाहीला लावायची लेस, शिवणाचा दोरा. त्यासाठी बायका पाच-सहा हजारांची साडी पिशवीत घालून एसटीनं तालुक्याला घेऊन येतात, पावसात, आणि मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर ती उलगडतात, तिच्यावर चहा सांडायचा बाकी असतो. आता टॅग पर्समध्ये टाकायचा आणि निघायचं. दोन बोटांएवढं पुठ्ठ्याचं कार्ड.

दशांचा आणखी एक उपयोग मी टॅगवर लिहिलेला नाही, तोंडी सांगते. एक धागा चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राखाडी भुगा पडतो. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. रेशमावर 'सिल्क मार्क'ची खूण २००४ पासून मिळते, हातमागावर 'हँडलूम मार्क' २००६ पासून, आणि असतील तर ती बघावीतच. पण जिला खात्री करून घ्यायची आहे तिच्या हातात काडीपेटी आणि चार धागे असावेत, हे मला जास्त बरं वाटतं. घरी जाऊन पेटवा, असं मात्र सांगावं लागतं. एका ताईंनी दुकानातच, तेही साड्यांच्या ढिगाशेजारी, लायटर काढला होता. (त्यांच्याकडे लायटर का होता हे मी विचारलं नाही.)

आता चिंधी. आबांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचे दोन इंची तुकडे कापले. प्रत्येक तुकडा ओला करून साडीच्या काठावर दहा वेळा दाबून घासायचा, वाळवायचा आणि टॅगच्या मागच्या बाजूला शिवायचा. प्रयोगशाळेत हेच काम यंत्रानं होतं. पांढरं कापड कोरडं आणि ओलं घासून त्यावर लागलेला डाग करड्या पट्टीशी ताडून एक ते पाच असे गुण देतात. माझ्याकडे पट्टी नाही. चिंधी आहे. जशी निघाली तशी समोर ठेवायची.

आबा याच्या पूर्ण विरोधात होते. "आपल्या हातानं गिऱ्हाईक घालवतीस," म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं. पहिल्या महिन्यात गडद लाल, काळ्या आणि जांभळ्या साड्या पडून राहिल्या. चिंधी गुलाबी दिसली की बायका टॅग सोडून द्यायच्या, विस्तवाला हात लागल्यासारखा. आमचा सेल्समन पोरगा हुशार. त्यानं अशा साड्यांचे टॅग गुपचूप घडीच्या आत सारायला सुरुवात केली. मी ते पकडलं तेव्हा म्हणाला, "ताई, आत हायच की. बघणारा बघतो." ६० अंशाचं तापमान असंच छापत असतील.

माल देणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला. कुणीतरी त्याला चिंधीचं सांगितलं होतं. तो चिडला होता, पण बोलता बोलता त्याच्याच तोंडून निघालं की त्या लॉटमध्ये रंगवल्यावर शेवटच्या धुलाईला पाणी कमी पडलं. मला ते माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं त्याच्याकडून माल घेतला, कधी त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पुढचा लॉट आला तेव्हा चिंधी बरीच फिकट निघाली. माझ्या चिंधीमुळे असं झालं म्हणण्याचा मोह होतो, पण पावसाळा लागला होता. पाणी मुबलक असणार.

आणि एक गंमत, जी मला आधी सुचली नसती. काही वयस्कर बायका नेमकी गुलाबी चिंधीचीच साडी मागू लागल्या. "थोडा रंग सुटतोय म्हणजे खरा रंग हाय," असं त्यांचं गणित. ते शास्त्राला धरून नाही हे मी दोन-तीनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं. त्या निदान साडी वेगळ्या बादलीत तरी भिजवतील.

आटण्याचं सोपं निघालं. सुती ताग्यातून एक मीटर कापायचा, धुऊन वाळवायचा आणि पुन्हा मोजायचा. किती आटला ते सेंटिमीटरमध्ये लिहीत होते तोवर कोणी विचारलं नाही. 'मीटरला दोन बोटं' असं लिहिल्यावर शिंपीसुद्धा टॅग मागून घेऊ लागला. मापाची भाषा हा मोठाच घोळ आहे. कायदा सेंटिमीटर म्हणतो, शिंपी इंच म्हणतो, आजी बोटं आणि वीत म्हणते, आणि रेडिमेडवाले एम, एल, एक्सएल म्हणतात, त्याला तर धरबंधच नाही. एका कंपनीचा एल म्हणजे दुसरीचा एम. भारतीय बांध्याची स्वतःची मापं ठरावीत म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं सहा शहरांतल्या हजारो माणसांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं होतं. त्यातून काय ते येईल तेव्हा येवो. तोवर आमच्या रेडिमेड ब्लाउजवर मी छाती, खांदा आणि बाही इंचात लिहिते, आणि खाली मोठ्या अक्षरात: 'आत मार्जिन दोन्हीकडे दीड इंच'. ही एक ओळ बाकी सगळ्या ओळींना पुरून उरते. बाई तो ब्लाउज उलटा करून शिवण बोटांनी चाचपते, मान डोलावते आणि घेते. तिनं मनात पुढच्या पाच वर्षांचा हिशोब केलेला असतो.

भाषेचा प्रश्न आबांनी काढला होता. नियमात सक्तीचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा असं आहे, मग मराठी चालेल का? जोडीला दुसरी कुठलीही भाषा चालते. चालते म्हटल्यावर मी पाच चित्रांच्या ऐवजी तीन ओळी लिहिल्या: वेगळी भिजवा. पाच मिनिटांच्या वर नको. सावलीत वाळवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चिंधी आहेच.

एक शेवटची गोष्ट टॅग लावण्याबद्दल, कारण त्यावर मी सगळ्यात जास्त भांडले आहे. स्टेपलरची पिन रेशमात मारणाऱ्याला काय म्हणावं? काढताना धागा ओढला जातो, आणि काढली नाही तर कपाटात दोन पावसाळ्यांत गंजून तांबडा डाग पडतो. आईच्या एका पैठणीवर तसा डाग आहे, नेमका पदराच्या मोराखाली. प्लास्टिकचा फासही बंदुकीनं मारतात, तो भोक पाडूनच जातो. मी टॅग दशांनाच बांधते, कच्च्या सुती दोऱ्यानं. वेळ लागतो. एका साडीला टॅग तयार करून बांधेपर्यंत दहा मिनिटं जातात, त्यामुळे हे मी सगळ्या मालाला करत नाही. दीड हजारांच्या वरच्या साड्यांना आणि गडद रंगांना करते. बाकीच्यांना अजून व्यापाऱ्याकडचेच टॅग आहेत, फुली मारलेल्या त्रिकोणाचे. फ्री साईज.

दिवाळीच्या आधी म्हातारी पुन्हा आली. नातवाचं लग्न ठरलं होतं, सुनेला साडी घ्यायची होती. गर्द हिरवी इरकल तिनं बाजूला काढली. मी मोठ्या उत्साहानं टॅग उलटा करून तिला चिंधी दाखवली, जवळजवळ कोरी निघाली होती. ती कशी घासली, किती वेळा घासली, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग बोट जिभेला लावलं, साडीच्या काठावर खसाखसा घासलं आणि ते बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. गादीवरून आबा खो खो हसले.

"दे बांधून," ती म्हणाली. आणि टॅग सोडवून कनवटीला लावता लावता: "ह्येला आणिक दोन दशा गुंडाळ. परकर आणायला माझी लेक जाणार हाय, तिला रंग दिसत न्हाई नीट."